आईचं येणं

माझ्या आजीच्या गोष्टींत मोगूबाई कुर्डीकर थोर गायिका म्हणून कधी आल्याच नाहीत. त्या यायच्या त्या ‘जयश्रीची पोर’ म्हणून. रेडिओवर किशोरी आमोणकर लागल्या की आजी विळीवरचा हात न थांबवता म्हणायची, “ऐक गो बाय, जयश्रीच्या पोरीची पोर गाते.” पद्मभूषण, गानसरस्वती ही सगळी बिरुदं तिच्या लेखी नंतरची. आधी कोण कुणाची ते कळलं पाहिजे.

गंमत म्हणजे आजीने जयश्रीबाईंना पाहिलेलं नव्हतं. त्या 1914 मध्ये गेल्या, तेव्हा आजीचा जन्मही झाला नव्हता. तिने जे ऐकलं ते तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून. पणजीने जयश्रीबाईंना देवळात गाताना ऐकलं होतं, असं आजी सांगायची. पुढे मी वकिली करू लागले, ऐकीव आणि दाखला यांत फरक करायची खोड अंगी मुरली, तेव्हा आजीच्या गोष्टी मी छापील चरित्रांशी आणि मुलाखतींशी ताडून पाहिल्या. तपशील पुष्कळ ठिकाणी इकडचे तिकडे झाले होते. नातं मात्र एकही चुकलेलं नव्हतं.

आमचं कुर्डी हे गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं, साळावली नदीच्या काठचं गाव. भातशेती, माड, काजू, फणस, एक सोमेश्वराचं देऊळ, ख्रिस्ती घरांचं चॅपल. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन सांगून गेले की इथे धरण होणार, त्याने सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होणार. तसं ते झालंही. पिण्याचं पाणी, बागायतींचं पाणी त्या साळावली धरणातून जातं. गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत हलली. कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ दगडावर दगड उतरवून दुसरीकडे उभं केलं, जांभ्या दगडात कोरलेली पुरातन मातृदेवता वेर्ण्याला नेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती उघडी पडतात, माडांचे बुंधे दिसू लागतात, आणि मे महिन्यात कुर्डीकर सोमेश्वरापाशी जमतात. तिथे गेलेल्या पाहुण्याला गावची माणसं एक पडकं जोतं हमखास दाखवतात. ते मोगूबाईंचं घर.

मोगूबाईंचा जन्म 15 जुलै 1904 चा. आई जयश्रीबाई कलावंत समाजातली. गोव्यातल्या देवळांची सेवा करणाऱ्या या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं होतं, नाच होता, तालाचं ज्ञान होतं. पालखीपुढे त्यांचं गाणं लागायचं, लग्नाकार्यात लागायचं. पण पंक्तीत मान नव्हता. मुलांमागे लागायचं ते आईचं नाव आणि गावाचं किंवा देवाचं नाव. मंगेशीच्या देवळात गाणाऱ्या येसूबाईंचा मुलगा दीनानाथ, त्याने मंगेशकर हे नाव लावलं आणि पुढे ते घरोघरी पोचलं. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर.

जयश्रीबाई स्वतः चांगल्या गात. आपल्यापेक्षा मुलीने पुढे जावं एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती, असं सगळे सांगतात. ही इच्छा त्यांनी मनात ठेवली नाही, तिच्यासाठी पायपीट केली. मुलगी दहाएक वर्षांची असताना तिला आधी एका फिरत्या हरिदासबुवांकडे शिकायला ठेवलं, मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत घातलं. “कसली गो ही आई,” असं गावातल्या बायका म्हणाल्या असणार. माझी पणजीही त्यांतलीच असेल कदाचित. आजीने हे कधी कबूल केलं नाही. पण देवळाच्या सेवेत राहिली असती तर मुलीच्या गाण्याला कुंपण कुठवर, हे जयश्रीबाईंना पक्कं ठाऊक होतं. नाटक कंपनी म्हणजे निदान तिकीट काढून ऐकायला येणारा प्रेक्षक.

त्याच सुमारास जयश्रीबाई वारल्या. जाताना त्यांनी मुलीकडून गाण्याचंच वचन घेतलं, ती मोठी गायिका झाल्याशिवाय आपल्या जिवाला शांती नाही असं त्या म्हणाल्या, ही कथा मोगूबाईंबद्दल नेहमी सांगितली जाते. शब्द नेमके कोणते होते ते सांगणारं आता कोणी नाही. पण दहा वर्षांच्या पोरक्या मुलीवर असं ओझं ठेवावं का, हा प्रश्न मला वकील म्हणून नव्हे, आई म्हणून पडतो. आजीला मी तो विचारला होता. ती म्हणाली, “मग काय ठेवायचं होतं तिने? जमीन होती?”

या उत्तरापुढे माझे कायद्याचे सगळे मुद्दे लटके पडले. ज्या बाईच्या नावावर काहीच नसतं तिच्या मृत्युपत्रात इच्छाच असते.

मोगूबाईंनी ते मृत्युपत्र अक्षरशः पाळलं. पहिली कंपनी बुडाल्यावर त्या सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेल्या. ‘सौभद्रा’त सुभद्रा केली, ‘पुण्यप्रभावा’त किंकिणी केली. तिथे चिंतूबुवा गुरवांकडून शिकल्या. मग कंपनीत कुणाशी तरी बिनसलं, तब्येत बिघडली, औषधपाण्यासाठी सांगलीला आल्या. आणि सांगलीत ती घटना घडली जी जयपूर घराण्याच्या इतिहासात पुन्हापुन्हा सांगितली जाते. उस्ताद अल्लादिया खाँ तेव्हा सांगलीत होते. रस्त्याने जाताना एका घरातून मुलीचा रियाज त्यांच्या कानावर पडला. ते थांबले, आत गेले आणि तिला शिकवायला लागले. समोर बसलेले हे वृद्ध गृहस्थ कोण, याचा त्या मुलीला पत्ताही नव्हता म्हणतात.

गोष्ट इथे संपली असती तर ती नशिबाची गोष्ट झाली असती. 1922 मध्ये खाँसाहेब मुंबईत आले, पाठोपाठ मोगूबाईही आल्या, आणि खरी परीक्षा इथे सुरू झाली. खाँसाहेबांनी हिला शिकवू नये असा आग्रह धरणारी वजनदार मंडळी त्यांच्या भोवती होती. शिकवणी थांबली. मोगूबाई आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे गेल्या. मग खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे त्यांची काही वर्षं तालीम झाली, तीही कायमची टिकू दिली गेली नाही. शेवटी 1934 मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला. सांगलीच्या त्या रस्त्यापासून गंड्यापर्यंत पंधराएक वर्षं गेली होती. 1946 मध्ये खाँसाहेब वारले तोवर त्या शिकत राहिल्या.

या काळात त्यांचं लग्न झालं, तीन मुलं झाली, आणि पती माधवदास भाटिया गेले तेव्हा थोरली किशोरी सहा-सात वर्षांची होती. मुंबईसारख्या शहरात एकट्या बाईने तीन मुलं आणि एक घराणं सांभाळायचं होतं. शिकवण्या करायच्या, मैफली करायच्या, परत येऊन स्वैपाक करायचा, आणि रियाज त्यातच कुठेतरी बसवायचा. त्याआधी महाराष्ट्रात दुसऱ्या एका आईने असाच संसार ओढला होता. ताराबाई माने यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचं घर सोडलं आणि पाच मुलांना स्वतःच्या हिमतीवर वाढवलं. त्यांतली हिराबाई बडोदेकर पुढे तिकीट लावून बैठका करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक ठरली. विसाव्या शतकातलं आपलं स्त्रियांचं गाणं कुणी उभं केलं याची यादी करायला बसलं तर उस्तादांच्या नावांच्या शेजारी एक रकाना या आयांसाठी मोकळा ठेवावा लागतो.

आता किशोरीताईंकडे येते. त्यांना घडवताना मोगूबाईंनी, म्हणजे त्यांच्या माईंनी, काय केलं हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. माई स्थायी आणि अंतरा दोनदा म्हणत. तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत मुलीने शब्द, स्वर, लय, श्वासाची जागा, मींड कुठून कुठे गेली ते सगळं टिपायचं. जयपूर गायकी मुळातच अवघड. आकार मोकळा हवा, स्वरावली लयीच्या अंगाने गुंफत न्यायची, समेवर यायची वाट आधीपासून डोक्यात हवी, त्यात जोडराग आणि अनवट राग. असली गायकी दोनदा ऐकून उचलायची म्हणजे कानाला डोळे फुटायला हवेत. आजच्या पालकांना ही क्रूरता वाटेल. किशोरीताई मात्र सांगत की एकाग्रता म्हणजे काय ते आपण यातूनच शिकलो. मला यात एक हिशेब दिसतो. मोगूबाईंना स्वतःला तालीम तुटक मिळाली होती. आज मिळालं ते उद्या मिळेल याची खात्री नव्हती, शिकवणारा दार कधी बंद करील सांगता येत नव्हतं. अशा विद्यार्थिनीला तिसऱ्यांदा ऐकण्याची चैन कुठली? जी घाई तिच्यावर परिस्थितीने लादली, तीच तिने मुलीला शिस्त म्हणून दिली.

माईंनी दिलेली दुसरी गोष्ट तालमीच्या वेळी दिलेली नव्हती. लहान किशोरी आईच्या मागे तानपुऱ्यावर बसायची, दौऱ्यावर बरोबर जायची. रेल्वेचा तिसरा वर्ग. उतरायला हॉटेल नाही, कुणाच्या तरी घरी सोय. बिदागी अशी की मोजायला वेळ लागू नये. माईंना जी वागणूक मिळायची ती या मुलीने पाठीमागून पाहिली. तानपुऱ्यावर बसणाऱ्याला गायकाचा चेहरा दिसत नाही. त्याला पाठ दिसते, आणि समोरची माणसं दिसतात. कोण उशिरा येतं, कोण मध्येच उठतं, यजमान कुणाला नमस्कार करतो आणि कुणाला नुसतं खुणावतो, हे सगळं तिथून फार स्वच्छ दिसतं. किशोरीताईंनी ठरवलं की आपण मोठ्या झालो की असं चालू द्यायचं नाही. हे त्यांनी मुलाखतींत उघडपणे सांगितलं, अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी त्यांच्यावर केलेल्या ‘भिन्न षड्ज’ या माहितीपटातही ते आहे.

त्यानंतरची किशोरी आमोणकर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत न गाणारी. सभेत कुजबुज झाली तर थांबणारी. आयोजकांना अटी घालणारी. “फार ताठ बाई,” “फार नखरे,” हे मी पुण्यामुंबईच्या रसिकांकडून, गोव्याच्या रसिकांकडून, सगळीकडून ऐकलं. पुरुष गायकांच्या लहरींना आपण किस्से म्हणतो आणि चवीने सांगतो, ती गोष्ट वेगळी. मला वाटतं, किशोरीताई त्या अटी स्वतःसाठी घालत नव्हत्या. त्या जुनं येणं वसूल करत होत्या. आईला जी खोली मिळाली नाही, जी शांतता मिळाली नाही, तिची बाकी मुलीच्या नावे चढली होती.

आईचा प्रभाव म्हटलं की आपण तिने काय शिकवलं ते आठवतो. श्लोक, संस्कार, हाताला धरून गिरवलेली अक्षरं. तिने काय सोसलं ते मूल बघत असतं आणि त्याची नोंद त्याच्याकडे जास्त पक्की राहते. शिकवलेलं विसरता येतं.

हे मला एरवी सुचलं नसतं. माझी आई कुर्डीचीच, माहेर आणि सासर दोन्ही तिथलं. शिक्षण मराठी चौथी. गाव उठायच्या दिवसांत घरोघरी कागद फिरत होते. मी तेव्हा शाळकरी. एकदा कसल्याशा कागदासाठी आई आजीला घेऊन एका कचेरीत गेली, मीही शेपटासारखी मागे. टेबलामागच्या गृहस्थाने कागद पुढे सरकवला, शाईचं पॅड सरकवलं आणि आजीच्या अंगठ्याची वाट बघू लागला. आई म्हणाली, “काय लिहिलंय ते वाचून दाखवा.” त्याने वर न बघता सांगितलं की तेवढा वेळ नाही. कागद इंग्रजीत होता. आईने आजीचा हात धरून मागे घेतला, आम्ही उठलो. गावातल्या मास्तरांकडून तो वाचून घेतला, त्यात वावगं काही निघालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी आम्हाला संध्याकाळपर्यंत उभं ठेवलं. बाकडं होतं, आमच्या वाट्याला आलं नाही. आजी भिंतीला टेकून उभी होती आणि आई दर थोड्या वेळाने तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करत होती, जणू तेवढंच तिच्या हातात होतं.

घरी आल्यावर आईने या प्रसंगाचा शब्दही काढला नाही. फक्त मला वाचायला लावू लागली. औषधाची बाटली, रेशनकार्डाची मागची बाजू, वाण्याने पुडी बांधून दिलेला वर्तमानपत्राचा तुकडा. “मोठ्याने वाच. आणि अर्थ सांग.” अर्थ आला नाही तर मास्तरांकडे पिटाळायची. तू वकील हो असं ती कधी म्हणाली नाही. वकील म्हणजे काय याची तिला कल्पनाही धड नव्हती. मी पणजी शहरात कायद्याच्या महाविद्यालयात गेले तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे दुसऱ्याचे कागद वाचायचे ना?” मी हो म्हटलं. “मग बरं,” म्हणाली.

पण या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, ती लपवली तर हा लेख आरतीसारखा होईल. आईने सोसलेलं मुलगी उचलते, पण आईची सोसण्याची रीत उचलत नाही. तिथे दोघींचं बिनसतं. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका अधिकाऱ्याशी मी तावातावाने बोलले. आई बरोबर होती. बाहेर आल्यावर मला शाबासकीची अपेक्षा होती. ती म्हणाली, “इतकं ताठ कशाला बोलायचं? आपलं काम झालं की झालं.” मला तेव्हा राग आला. ज्या दिवसाचा सूड मी माझ्या समजुतीने घेत होते, तो दिवस जिचा होता तिलाच तो नको होता.

मोगूबाई आणि किशोरीताई यांच्यातही मतभेद काही कमी नव्हते. किशोरीताईंनी 1964 मध्ये ‘गीत गाया पत्थरों ने’साठी पार्श्वगायन केलं ते माईंना रुचलं नाही, असं चालणार असेल तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावू नकोस, इतक्या टोकाला गोष्ट गेली होती असं सांगतात. किशोरीताईंनी तो रस्ता सोडला, पण घराण्याची चौकट मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने वाकवलीच. जयपूरच्या बांधीव, मध्यलयीच्या गाण्यात त्यांनी सावकाश आलापी आणली. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडून घेतलेलं त्यात आणलं. मध्यंतरी आवाज गेला होता, तेव्हा गाता येत नसताना त्यांनी स्वर म्हणजे नक्की काय याचा विचार केला आणि तो पुढे ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात मांडला. शुद्धतेचा कैवार घेणारे म्हणाले, ही जयपूर गायकी राहिली नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असेल. पण दोनदा ऐकून सगळं टिपायची सवय ज्या कानाला लागली, तो कान एकाच घराच्या भिंतींत राहील असं माईंना तरी खरंच वाटलं असेल का? ज्या जयश्रीबाईंनी मुलीला देवळातून नाटकात धाडलं त्यांची ही नात. चौकट ओलांडणं त्या घरात परकं नव्हतं. दर पिढीत चौकट तेवढी बदलत गेली: जयश्रीबाईंनी गाव ओलांडलं, मोगूबाईंनी रंगभूमी ओलांडून घराणेदार ख्यालाकडे प्रवेश मिळवला, किशोरीताई घराण्यापलीकडे गेल्या.

मोगूबाईंना 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, 1974 मध्ये पद्मभूषण. किशोरीताईंना 1987 मध्ये पद्मभूषण आणि 2002 मध्ये पद्मविभूषण. लेकीला मिळालेला हा पद्मविभूषणाचा मान बघायला माई नव्हत्या. त्या फेब्रुवारी 2001 मध्ये गेल्या. माईंनी फक्त मुलीलाच शिकवलं असंही नाही. कमल तांबे, सुहासिनी मुळगांवकर, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशा किती जणांकडे ती विद्या गेली. पण त्यांनी माईंचं गाणं घेतलं. माईंचा तिसऱ्या वर्गाचा प्रवास घ्यायला पोटची मुलगीच लागली.

आईच्या “ताठ कशाला” या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता ती थकली आहे आणि तिचे कागद मी वाचते. माझ्याकडे खेड्यातल्या बायका येतात, वाटणीचे, कुळवहिवाटीचे, बँकेचे कागद घेऊन. पहिलं काम म्हणून त्यांना खुर्ची देते आणि कागद ओळ न ओळ मोठ्याने वाचून दाखवते, त्यांच्या भाषेत. कनिष्ठ वकील कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. जातोच. कधी पलीकडच्या कचेरीतून निरोप येतो की मॅडम फार अडून बसतात, फार ताठ आहेत. मी ते नाकारत नाही.

एवढंच सुचवते की कुठल्या बाईला ताठ म्हणण्याआधी तिच्या आईला कुठे, किती वेळ उभं राहावं लागलं होतं, याची थोडी विचारपूस करावी.